प्रोलाँग्ड म्हणजे काय? मराठी अर्थ, उच्चार, वापर आणि नेहमी होणारे गोंधळ



समजा, रात्री साडेदहाला फॅमिली ग्रुपवर एक फोटो येतो. काकांच्या ईसीजीचा. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मशीननेच छापलेली एक ओळ आहे आणि तिच्यात दोन शब्द आहेत, 'प्रोलाँग्ड क्यूटी'. लगेच मेसेज सुरू होतात. "म्हणजे काय रे?" कोणीतरी भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये शब्द टाकतो आणि उत्तर चिकटवतो, "दीर्घकाळापर्यंत". दुसरा म्हणतो, "म्हणजे जुनं दुखणं दिसतंय." तिसरी मावशी हात जोडलेले इमोजी पाठवते. आणि काका हे सगळं आपल्या फोनवर वाचत बसलेले असतात.

खरं तर त्या शब्दात 'जुनं' असं काही नव्हतं आणि 'गंभीर' असंही काही नव्हतं. हृदयाच्या एका ठोक्यातला एक ठरावीक टप्पा नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतो आहे, एवढंच मशीन सांगत होतं. पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवणार.

प्रोलाँग्ड हा शब्द आपल्याला रिपोर्टवर, गोळ्यांच्या पाकिटावर, हवामानाच्या बातमीत, कोर्टाच्या बातमीत आणि शोकसंदेशातही भेटतो. प्रत्येक ठिकाणी त्याचा मराठी अर्थ थोडा बदलतो. या लेखात आपण तो अर्थ, त्याचा योग्य वापर आणि जिथे चुकलं तर नुकसान होऊ शकतं अशा जागा पाहणार आहोत.

प्रोलाँग्ड चा सोपा अर्थ

प्रोलाँग्ड म्हणजे नेहमीपेक्षा, अपेक्षेपेक्षा किंवा ठरलेल्यापेक्षा जास्त काळ चाललेला.

मराठीत त्यासाठी दीर्घ, प्रदीर्घ, दीर्घकाळ चाललेला, बराच काळ टिकलेला, लांबलेला, रेंगाळलेला असे शब्द येतात. यातला कुठला कधी वापरायचा ते पुढे पाहू. आधी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, हा शब्द वेळेबद्दल आहे. दोरी, रस्ता, केस किंवा कापड कितीही लांब असलं तरी त्याला प्रोलाँग्ड म्हणत नाहीत. तिथे साधा 'लाँग' पुरतो.

दुसरी, यात तुलना लपलेली आहे. नुसतं 'लाँग' म्हणजे लांब. 'प्रोलाँग्ड' म्हणजे 'हवं होतं त्यापेक्षा किंवा एरवी असतं त्यापेक्षा लांब'. त्यामुळे हा शब्द दिसला की लगेच विचारायचं, कशापेक्षा जास्त?

उच्चार आणि व्याकरण

उच्चार साधारण 'प्रलाँग्ड' असा होतो. सुरुवातीचा 'प्र' किंवा 'प्रो' हलका आणि जोर 'लाँग' वर. शेवटी फक्त 'ड' येतो. 'प्रोलाँगेड' असा उच्चार करू नका. मराठीत लिहिताना प्रोलाँग्ड आणि प्रलाँग्ड अशी दोन्ही रूपं दिसतात.

मूळ क्रियापद आहे 'प्रोलाँग', म्हणजे एखादी गोष्ट जास्त काळ चालेल असं करणे, लांबवणे. त्याचं भूतकाळी रूप प्रोलाँग्ड, आणि तेच विशेषण म्हणूनही वापरतात. नाम आहे 'प्रोलाँगेशन'. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'लाँगस' म्हणजे लांब. पुढे ओढून लांब केलेलं, असा तो मूळ भाव.

विशेषण म्हणून हा शब्द बहुतेक वेळा नामाच्या आधी येतो. प्रोलाँग्ड इलनेस, प्रोलाँग्ड यूज, प्रोलाँग्ड सिटिंग, प्रोलाँग्ड ड्राय स्पेल. व्यक्तीला मात्र हे विशेषण लागत नाही. 'ही इज प्रोलाँग्ड' असं वाक्य होत नाही. आजार, वाट पाहणं, भांडण, मुक्काम अशा घडणाऱ्या गोष्टींनाच ते लागतं.

या शब्दाला स्वतःचं घड्याळ नाही

आता मुख्य मुद्दा. "प्रोलाँग्ड म्हणजे नेमके किती दिवस?" असं अनेक जण विचारतात. याचं एकच उत्तर नाही. कशाबद्दल बोलतोय त्यावर ते ठरतं. वैद्यकातलीच पाच उदाहरणं पाहा.

१. फिट किंवा झटका: ५ मिनिटांपेक्षा जास्त चाललेला झटका डॉक्टर लांबलेला धरतात आणि ती तातडीची वेळ असते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवायची. म्हणून कुणाला फिट आली की घड्याळाकडे पाहणं महत्त्वाचं.

२. नवजात बाळाची कावीळ: पूर्ण दिवसांच्या बाळात १४ दिवसांनंतरही कावीळ दिसत असेल तर तिला प्रोलाँग्ड जाँडिस म्हणतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात ही मर्यादा २१ दिवसांची धरतात. बऱ्याच बाळांत कारण साधं असतं, पण तपासणी टाळायची नाही. बाळाची शी पांढरट किंवा फिकट आणि लघवी गडद पिवळी दिसत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण पित्तनलिकेचा एक दुर्मीळ दोष वेळेत सापडला तरच शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो.

३. लांबचा प्रवास: सलग ४ तास किंवा अधिक एका जागी बसून केलेल्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकूण धोका तेव्हाही कमीच असतो, पण मध्ये उठून चालायचा सल्ला त्यासाठीच देतात.

४. रक्त गोठण्याची तपासणी: रिपोर्टवर 'प्रोथ्रॉम्बिन टाइम प्रोलाँग्ड' असं दिसतं. इथे मोजमाप सेकंदांत आहे. सर्वसाधारण वेळ साधारण ११ ते १३ सेकंद असते, प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो. त्याहून जास्त वेळ लागला की प्रोलाँग्ड. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांत तो मुद्दामच वाढवलेला असतो.

५. ईसीजीतला क्यूटी: इथे तर सेकंदाचेही तुकडे. हृदयाच्या गतीनुसार दुरुस्त केलेला हा आकडा पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंद किंवा अधिक असेल तर तो वाढलेला धरतात. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतलीच गोष्ट.

पाहिलंत? एकीकडे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ प्रोलाँग्ड आहे आणि दुसरीकडे १३ दिवसांची कावीळ अजून प्रोलाँग्ड नाही. शब्द तोच आहे, मोजपट्टी दर वेळी वेगळी. म्हणून रिपोर्टमधला हा एक शब्द उचलून 'खूप दिवसांचं दुखणं' असं भाषांतर करणं चुकीचं ठरू शकतं.

प्रोलाँग्ड म्हणजे गंभीर नव्हे

दुसरा मोठा गोंधळ इथे होतो. प्रोलाँग्ड हा शब्द किती वेळ ते सांगतो, किती वाईट ते सांगत नाही.

साध्या सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तो लांबलेला आहे, पण तेवढ्यावरून गंभीर ठरत नाही. उलट काही मिनिटांत येणारा हृदयविकाराचा झटका अजिबात लांबलेला नसतो, तरी जीवघेणा असतो.

पण याचा अर्थ दुर्लक्ष करायचं असाही नाही. लांबलेला काळ ही स्वतःच एक खूण असते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेला खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी, असं भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सांगतो, आणि ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. खोकला किती जोरात येतो यापेक्षा तो किती दिवस आहे, हे इथे महत्त्वाचं.

काकांच्या ईसीजीचंही तसंच. क्यूटी वाढण्याची कारणं अनेक असतात. काही प्रतिजैविकं, काही मानसिक आजारांची औषधं, शरीरात पोटॅशियम कमी होणं, कधी कधी जन्मजात कल. मशीनचं मोजमाप कधी चुकतंही, म्हणून डॉक्टर ते स्वतः पुन्हा मोजतात. अशा वेळी करायचं काम एकच. सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जायचं. चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल किंवा घरात कुणाचा लहान वयात अचानक मृत्यू झाला असेल तर ते आवर्जून सांगायचं आणि उशीर करायचा नाही. ग्रुपवर अर्थ शोधत बसायचं नाही.

क्रॉनिक आणि अक्यूट यांच्याशी गल्लत

प्रोलाँग्डचा जवळचा नातेवाईक म्हणजे 'क्रॉनिक'. हा शब्द ग्रीक भाषेतल्या काळवाचक 'ख्रोनोस' या शब्दापासून आला. क्रॉनिक म्हणजे जुनाट, दीर्घकाळ राहणारा आजार. मधुमेह, दमा, संधिवात हे क्रॉनिक आजार. मूत्रपिंडातला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला की त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात.

अनेकांना वाटतं की क्रॉनिक म्हणजे शेवटच्या टप्प्यातला. तसं नाही. क्रॉनिक किडनी डिसीजच्या पहिल्या टप्प्यात माणूस रोजची सगळी कामं करत असतो.

याच्या उलट शब्द 'अक्यूट', म्हणजे अचानक सुरू झालेला, थोड्या काळाचा. त्याचा अर्थ 'किरकोळ' असा नाही. अक्यूट अपेंडिसायटिस किरकोळ नसतो.

मग क्रॉनिक आणि प्रोलाँग्ड यांत फरक काय? क्रॉनिक ही आजाराची जात झाली. प्रोलाँग्ड ही त्या वेळेपुरती लांबलेली अवस्था. दम्याचा आजार क्रॉनिक, पण एखादी उबळ नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकली तर ती प्रोलाँग्ड.

गोळ्यांच्या पाकिटावर प्रोलाँग्ड-रिलीज

घरात कुणाला मधुमेह असेल तर मेटफॉर्मिनच्या पाकिटावर 'प्रोलाँग्ड-रिलीज टॅब्लेट्स' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. इथे अर्थ नीट समजून घेणं फार गरजेचं आहे.

याचा अर्थ 'जास्त दिवस चालणारी गोळी' असा नाही आणि 'जास्त ताकदीची गोळी' असाही नाही. गोळीतलं औषध एकदम न सुटता कित्येक तास हळूहळू सुटत राहतं, असा त्याचा अर्थ. मराठीत 'सावकाश औषध सोडणारी गोळी' म्हटलं की चटकन कळतं. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, पीआर, सीआर अशी अक्षरं दिसली तरी बहुधा हाच प्रकार असतो.

अशी गोळी चावू नये, कुटू नये, पाण्यात विरघळवून देऊ नये. आजोबांना गिळायला त्रास होतो म्हणून आपण प्रेमानं खलबत्त्यात गोळी कुटतो, आणि दिवसभरासाठी असलेलं औषध एकाच वेळी शरीरात जातं. काही औषधांत हे धोक्याचं ठरतं. काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते आणि त्या अर्ध्या करता येतात, पण ते पाकिटावर किंवा चिठ्ठीत तसं सांगितलेलं असेल तरच. गिळणं जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, त्याच औषधाचा दुसरा प्रकार मिळू शकतो.

आणखी एक. अशा काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं बाहेर पडलेलं दिसतं. ते पाहून "गोळी पचतच नाही" असं समजून औषध बंद करू नका. औषध आत सुटून गेलेलं असतं, बाहेर येतो तो फक्त सांगाडा.

'अव्हॉइड प्रोलाँग्ड यूज' चा अर्थ

मलमाच्या ट्यूबवर किंवा नाकात घालायच्या थेंबांच्या बाटलीवर ही सूचना असते. शब्दशः भाषांतर 'दीर्घ वापर टाळा' असं होतं, पण वाचणाऱ्याला त्यातून फारसं कळत नाही. सरळ मराठीत, 'डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस सलग वापरू नका'.

नाक मोकळं करणारे काही थेंब आठवडाभराहून जास्त वापरले तर त्या थेंबांमुळेच नाक पुन्हा चोंदू लागतं. माणसाला वाटतं सर्दी बरी होत नाही, म्हणून तो आणखी थेंब घालतो. स्टेरॉइड असलेलं मलम चेहऱ्यावर महिनोनमहिने लावलं तर त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ येतं. 'गोरं करणारी क्रीम' म्हणून मैत्रिणीने सुचवलेली ट्यूब घेण्याआधी ही बारीक अक्षरं जरूर वाचा.

मराठीत 'लांबलेला' वापरताना सावधान

आता आपल्या मराठीतली एक गंमत. बरेच जण प्रोलाँग्डसाठी डोळे मिटून 'लांबलेला' लिहितात. पण मराठीत 'लांबणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत.

सभा लांबली, म्हणजे सभा जास्त वेळ चालली.
परीक्षा लांबली, म्हणजे परीक्षा अजून झालीच नाही, पुढे गेली.
मुक्काम लांबला, म्हणजे पाहुणे जास्त दिवस राहिले.
पाऊस लांबला, म्हणजे पाऊस अजून आलाच नाही.

पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात शेवट पुढे गेला आहे. दुसऱ्या आणि चौथ्यात सुरुवातच पुढे गेली आहे. प्रोलाँग्ड म्हणजे फक्त शेवट पुढे जाणं. सुरुवात पुढे गेली तर इंग्रजीत 'डिलेड' किंवा 'पोस्टपोन्ड' म्हणतात.

त्यामुळे 'प्रोलाँग्ड रेन्स' चं भाषांतर 'लांबलेला पाऊस' केलं तर शेतकऱ्याला अगदी उलटा निरोप जाईल. बातमी सांगते आहे की पाऊस थांबत नाही, आणि वाचणारा समजेल की पाऊस आलाच नाही. तिथे 'बरेच दिवस लागून राहिलेला पाऊस' किंवा 'सततचा पाऊस' असंच लिहायला हवं.

आणि 'प्रोलाँग्ड ड्राय स्पेल'? त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे, 'पावसाचा मोठा खंड' किंवा 'पावसाने दिलेली ओढ'. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या खरिपात महाराष्ट्रात २१ दिवसांहून जास्त खंड पडलेल्या महसूल मंडळांचा विषय पीक विम्याच्या बातम्यांत रोज येत होता. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत, हंगामाच्या मध्ये येणाऱ्या संकटांच्या यादीत पूर आणि दुष्काळाबरोबर 'प्रोलाँग्ड ड्राय स्पेल्स' हे शब्द आहेत. अपेक्षित उत्पन्न नेहमीच्या निम्म्याहून कमी होण्याची चिन्हं असतील तर आगाऊ भरपाईची तरतूद त्याखाली होती. खंड २० दिवसांचा की २२ दिवसांचा, हा फरक तेव्हा शेतकऱ्याच्या दृष्टीनं पैशांचा फरक होता. हे नियम पुढे बदलत गेले आहेत, म्हणून आपल्या वर्षाची अधिसूचना पाहूनच बोलावं.

कुठे कोणता मराठी शब्द वापराल?

आजार: दीर्घ आजार, प्रदीर्घ आजार. शोकसंदेशात थोड्या दिवसांच्या दुखण्याला 'अल्पशा आजाराने' आणि जास्त काळ चाललेल्याला 'दीर्घ आजाराने' म्हणायची आपली पद्धत आहे. 'आफ्टर अ प्रोलाँग्ड इलनेस' हे त्याचंच इंग्रजी रूप. अशा ओळीत आजाराचं नाव मुद्दाम टाळलेलं असू शकतं. घरच्यांनी जे झाकलं ते कमेंटमध्ये "काय झालं होतं?" असं विचारून उघडायला लावू नये.

वाट पाहणं: 'प्रोलाँग्ड वेट' ला 'दीर्घ प्रतीक्षा' हा छापील शब्द आहेच. पण बसस्टॉपवर किंवा ओपीडीच्या रांगेत माणूस 'ताटकळतो'. ताटकळणे या एका शब्दात तो लांबलेला वेळही आला आणि पायांचा त्रासही आला.

भाषण किंवा मुलाखत: चांगल्या अर्थानं 'प्रदीर्घ मुलाखत', कंटाळ्याच्या अर्थानं 'लांबलचक भाषण'.

काम किंवा फाइल: रेंगाळलेलं काम, रखडलेला प्रकल्प. रखडणे म्हणजे पुढे न सरकणे. काम चालू आहे पण संपत नाही, तर रेंगाळलेलं म्हणा.

भांडण किंवा संप: बराच काळ चाललेला संप, चिघळलेला वाद. 'चिघळलेला' मध्ये वेळेबरोबर परिस्थिती बिघडल्याचाही अर्थ आहे, म्हणून मूळ वाक्यात तसं असेल तरच वापरा.

ऊन आणि बसणं: 'उन्हात सलग बराच वेळ थांबू नका', 'एका जागी सलग बसून राहू नका'. इथे 'सलग' हा छोटा शब्द फार कामाचा आहे.

कैद: 'खटला न संपता प्रदीर्घ कैद'. २०२१ साली के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल आणि आरोपीने संभाव्य शिक्षेचा बराच भाग आत काढला असेल तर यूएपीएसारख्या कडक कायद्यातही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. अशा बातमीत 'प्रोलाँग्ड' हा साधा शब्द माणसाच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं तोलला जातो.

सारखे वाटणारे पण वेगळे शब्द

एक्स्टेंडेड: मुद्दाम, ठरवून वाढवलेला. रजेच्या अर्जात 'प्लीज एक्स्टेंड माय लीव्ह' असंच लिहा. तिथे 'प्रोलाँग' लिहिलं तर कानाला खटकतं.

लेंग्दी: लांबलचक, वेळखाऊ. लेख, फॉर्म आणि प्रक्रिया यांनाही लागतो.

प्रोट्रॅक्टेड: उगाच ताणलेला, संपता न संपणारा. वाटाघाटी, युद्ध, कोर्टकचेरी यांसाठी. यात नाराजीचा सूर असतो.

लास्टिंग किंवा लाँग-लास्टिंग: टिकाऊ, बहुधा चांगल्या अर्थाने. मैत्री, सुगंध, परिणाम.

विरुद्धार्थी शब्द: ब्रीफ, शॉर्ट, शॉर्ट-लिव्ड. मराठीत अल्पकालीन, थोडक्यात आटोपलेला, अल्पजीवी.

वाक्यात उपयोग

'द प्लेयर रिटर्न्ड आफ्टर अ प्रोलाँग्ड इंज्युरी ब्रेक.' दुखापतीमुळे बरेच महिने बाहेर राहिल्यानंतर तो खेळाडू परतला.

'प्रोलाँग्ड पॉवर कट्स अफेक्टेड द हॉस्पिटल.' तासन्‌तास वीज गेल्यामुळे रुग्णालयाचं काम विस्कळीत झालं.

'द ऑडियन्स गेव्ह हर प्रोलाँग्ड अप्लॉज.' प्रेक्षकांनी तिच्यासाठी बराच वेळ टाळ्या वाजवल्या.

तिसरं वाक्य मुद्दाम दिलं आहे. प्रोलाँग्ड नेहमी वाईटच असतं असं नाही. टाळ्या लांबल्या तर कुणाची तक्रार नसते.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: प्रोलाँग्ड आणि लाँग यांत फरक काय?
उत्तर: लाँग म्हणजे नुसतं लांब, अंतरालाही चालतं आणि वेळेलाही. प्रोलाँग्ड फक्त वेळेसाठी आणि 'नेहमीपेक्षा जास्त' या अर्थानं.

प्रश्न: रिपोर्टवर प्रोलाँग्ड लिहिलं आहे, घाबरायचं का?
उत्तर: आधी पाहा, काय प्रोलाँग्ड आहे, शेजारी आकडा किती आहे आणि त्याची सामान्य मर्यादा किती छापली आहे. मग तो कागद डॉक्टरांना दाखवा. शब्द एकटा काहीच सांगत नाही.

प्रश्न: प्रोलाँग्ड-रिलीज गोळी अर्धी करून घेतली तर चालेल का?
उत्तर: पाकिटावर किंवा चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच. खात्री नसेल तर औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा.

थोडक्यात

प्रोलाँग्ड हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारा. काय लांबलं? कशाच्या तुलनेत? आणि किती? ही तीन उत्तरं मिळाली की योग्य मराठी शब्द आपोआप सुचतो. नाही मिळाली, तर भाषांतराच्या अ‍ॅपने दिलेला शब्द ग्रुपवर टाकण्याआधी थोडं थांबा. कारण तो रिपोर्ट ज्यांचा असतो, तेही त्याच ग्रुपवर असतात.

हा लेख उपयोगी वाटला तर ज्यांच्या घरी एसआर किंवा पीआर गोळ्या चालू आहेत त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा. आणखी कोणत्या इंग्रजी शब्दाचा अर्थ हवा असेल तर आम्हाला कळवा.